ऐंशी गुणांचं बेट

फेरी १

विमान उतरतं. समुद्र असा निळा की शोभाताई म्हणतात, "इथं कुणी नीळ सांडली काय रे?" सगळे हसतात. पहिला दिवस चांगला जातो. दुसऱ्या दिवशी नाश्त्याला त्रिशला सुनेच्या ताटलीकडे बघून म्हणते, "एवढंच?" ऋतुजा चमचा खाली ठेवते. श्रेणिक म्हणतो, "आई, खाऊ दे ना तिला." त्रिशला म्हणते, "मी कुठे हात धरला?" तिसऱ्या दिवशी ऋतुजाचं डोकं दुखतं. चौथ्या दिवशी श्रेणिकचंही दुखतं. सहाव्या दिवशी परतीच्या विमानात पाच जण पाच दिशांना बघत बसतात.

गुण : एकाहत्तर.

यातलं काहीच घडलेलं नव्हतं. मगदूम कुटुंब अजून इचलकरंजीतच होतं. मार्चचा तिसरा आठवडा होता, आणि त्रिशला हॉलमध्ये भिंतीवरच्या पडद्यासमोर बसून स्वतःच्या घरच्यांची सहल होण्याआधीच बघत होती. पडद्यावरची त्रिशला तिच्याच आवाजात, तिच्याच ढबीत "मी कुठे हात धरला?" म्हणाली, तेव्हा खऱ्या त्रिशलाला वाटलं, बरोबरच बोलली की.

"एकाहत्तर काही वाईट नाहीत," ती म्हणाली. तीस वर्षं शाळेत काढली होती तिने, त्यातली शेवटची नऊ मुख्याध्यापिका म्हणून. "आमच्या वेळी हा फर्स्ट क्लास होता."

"हो मॅडम," पडद्याच्या कोपऱ्यातून तन्वी म्हणाली. तन्वी बेटाच्या पुण्यातल्या कचेरीत बसायची आणि कुणाशीही बोलताना अर्धी हसायची. "पण बेटावर यायला ऐंशी लागतात."

बेट

मोयाला हे हिंदी महासागरातलं एक लहानसं बेट. एका वेळी चाळीस पाहुणे, पाण्यावर उभे वीस व्हिला, पायाखाली काच आणि काचेखाली मासे. असली बेटं पुष्कळ आहेत. मोयालाकडे दुसरीकडे न मिळणारी एक गोष्ट होती. तिथे कुणी कुणाशी भांडत नसे.

त्याचं झालं असं. श्रीमंत माणसाला आधी गर्दी नको झाली, मग आवाज नको झाला, आणि २०३५ च्या सुमारास त्याला शेजारच्या टेबलावरचा अबोलाही नको झाला. समोर एवढा समुद्र पसरलेला असताना कुणी नवरा बायकोकडे न बघता पाव खातोय, हे दिसलं की त्याची सुट्टी नासायची. मोयालाच्या मालकांनी ठरवलं, असली माणसं बेटावर घ्यायचीच नाहीत.

पण हे आधी कसं कळणार?

हवामानखातं पाऊस कसा सांगतं, तसं. उद्या काय होईल हे कुणालाच माहीत नसतं. पण आजची हवा संगणकात घालून उद्याचा दिवस हजार वेळा घडवून बघता येतो. हजारांतल्या आठशे वेळा पाऊस पडला, तर छत्री घ्यावी. मोयालाचं यंत्र माणसांचं तेच करायचं. आठ-दहा वर्षं मनगटावर बांधलेल्या पट्ट्यात नाडी साठलेली असते. घाम, श्वास, झोप, आवाजाची पट्टी, कोण कोणाच्या जवळ किती वेळ होतं, सगळं साठलेलं असतं. त्यातून यंत्र प्रत्येकाची एक सावली बनवी. मग त्या सावल्यांना बेटावर सोडून सहा दिवस चाळीस हजार वेळा घडवून बघे. प्रत्येक वेळेला ते फेरी म्हणत.

यामागचा खरा शोध साधा होता, आणि म्हणूनच फार वाईट. दोन माणसं एका खोलीत आली की दोघांच्या शरीरांचा एक ठरावीक ठसा उमटतो. कुणी आत आलं की नाडी किती चढते, श्वास कुठे अडतो, आणि ते माणूस निघून गेल्यावर सगळं किती वेळात खाली येतं. हा ठसा वर्षानुवर्षं बदलत नाही. माणसं समेट करतात, गळ्यात पडतात, वाढदिवसाला केक कापतात, आणि ठसा तसाच राहतो. तोंडाला खोटं बोलता येतं. नाडीला अजून कुणी शिकवलेलं नाही.

मगदूमांच्या घरात हे पट्टे त्रिशलानेच आणले होते, आठ दिवाळ्यांपूर्वी, सगळ्यांच्या तब्येतीवर लक्ष राहावं म्हणून. पासवर्ड तिच्या वहीत होते. मोयालाच्या अर्जावर पाचही जणांची संमती तिनेच भरली. घरातल्या सगळ्या सहली ती अशाच ठरवायची. गेली पंचवीस वर्षं, श्रवणबेळगोळपासून सिंगापूरपर्यंत.

ही सहल मात्र वेगळी होती. वेगळे राहणारे श्रेणिक आणि ऋतुजा ऑगस्टमध्ये न्यूझीलंडला चालले होते, तिथल्या एका दूध प्रकल्पात, सहा वर्षांच्या करारावर. श्रेणिक स्वतःच म्हणाला होता, "जायच्या आधी सहा दिवस सगळे मिळून कुठेतरी जाऊ." गेल्या चार वर्षांत त्याने आईजवळ सलग सहा तास काढले नव्हते. त्रिशलाने त्या दिवसापासून कॅलेंडरवर एकेक चौकोन खोडायला सुरुवात केली होती.

मुलाखती

प्रत्येकाची मुलाखत वीस मिनिटांची, आणि एकट्याची.

अभय मगदूम, वय ६१, मागाच्या सुट्या भागांचं दुकान, आता बंद. प्रश्न : सहलीत तुम्हाला काय हवं आहे? उत्तर : "माझं काही नाही. ही ठरवेल ते."

शोभा मगदूम, वय ६४, अभयची थोरली बहीण, अविवाहित, वरच्या मजल्यावर राहते. उत्तर : "जेवण तेवढं दिवस मावळायच्या आत द्या. बाकी मला होडीत टाका, मी वल्हवत येईन."

श्रेणिक, वय ३०. उत्तर : "आई खूश असली की झालं."

ऋतुजा, वय २९. उत्तर : "मला काहीही चालेल."

त्रिशला, वय ५७. उत्तर : "मुलांना आवडेल तेच मला आवडेल."

आता इथे यांची चूक झाली, आणि ती याच घराला शोभणारी चूक होती. मगदूमांच्या घरात मला अमुक हवं असं तोंडाने म्हणणं उद्धटपणाचं समजलं जाई. श्रेणिक लहान असताना दुसऱ्याच्या घरी लाडू मागितला म्हणून त्रिशलाने त्याला रस्ताभर समजावत आणलं होतं. त्यामुळे पाचही जण शहाण्यासारखे बोलले आणि कुणीच काही सांगितलं नाही. यंत्र खरं तर बोलण्याला साठ टक्के वजन द्यायचं. पण बोलण्यात काहीच नाही असं दिसल्यावर त्याने मुलाखती बाजूला सारल्या आणि शंभर टक्के वजन नाडीला दिलं.

"परत घ्या की मुलाखत," त्रिशला म्हणाली.

"एकदाच होते मॅडम. निकाल बघितल्यावर लोक खोटं बोलतात." तन्वीने समोरचा कागद उलटला. "एक मार्ग आहे. तुमच्यातले चौघं आले तर अठ्ठ्याऐंशी होतात. कोण चौघं ते विचारलंत तर सांगते. न विचारता सांगायचं नाही, असा नियम आहे."

त्रिशला हसली. "त्यात विचारायचं काय?"

वरचा मजला

शोभाताई कबड्डीचा सामना बघत होत्या. तीस वर्षं त्रिशलाच्या डोक्यावर हेच चालू होतं : सामने, मोठमोठ्याने बोलणं, पहाटे भजनं, आणि संध्याकाळी सहाच्या ठोक्याला ताट. तिला निरोप सांगायला जिना चढताना जराही जड गेलं नाही.

"ताई, बेटावर चौघांनाच घेतायत."

"हो का?" शोभाताईंनी आवाज कमी केला. त्यांनी त्रिशलाकडे जरा जास्तच वेळ बघितलं. "मग?"

"म्हणजे तुम्हाला वाईट वाटणार असेल तर..."

"छे गं. पोरं जाऊ देत. मला पाण्यात पाय बुडवून काय मिळणार आहे?" त्या परत पडद्याकडे वळल्या. "एक कर फक्त. मी नको म्हणाले असं श्रेणिकला सांगू नकोस. तू काढलंस, असं सांग."

त्रिशला खाली आली आणि श्रेणिकला फोन करून म्हणाली, "आत्या नको म्हणतायत रे. विमानाची भीती वाटते म्हणे."

फेरी १, शोभाताईंशिवाय

विमान उतरतं. समुद्राकडे बघून कुणी काही म्हणत नाही. नाश्त्याला त्रिशला म्हणते, "एवढंच?" श्रेणिक म्हणतो, "आई, प्लीज." यानंतर पहिल्या वेळी शोभाताई काहीतरी वेडंवाकडं बोलल्या होत्या आणि सगळे हसले होते. आता त्या जागी बावीस सेकंद चमच्यांचा आवाज येतो. तिसऱ्या दिवशी ऋतुजा आणि श्रेणिक जेवण व्हिलावर मागवतात. चौथ्या दिवशी

(इथे त्रिशलाने थांबवली.)

गुण : चौसष्ट.

"कमी झाले," ती म्हणाली.

"हो मॅडम."

"तुमच्या यंत्राचं काहीतरी चुकतंय."

"नाही मॅडम. त्या कमी झाल्या की गुण कमी होतात."

मग त्रिशलाने विचारलं. तन्वीने सांगितलं. सांगताना ती अर्धी हसत होती, पण तो तिचा चेहराच तसा होता.

फेरी १, त्रिशलाशिवाय

तिने ही अख्खी बघितली.

विमान उतरतं. शोभाताई निळीचा विनोद करतात. नाश्त्याला ऋतुजा अर्धी पोळी खाते, तासाभराने परत येऊन दोन खाते. अभय बोलतो. त्रिशलाने खुर्ची पडद्याजवळ ओढली. अभय बोलतोय. दुकानात एकदा नाग निघाला होता ती गोष्ट तो हातवारे करून सांगतोय, मध्ये उठून नागाचा फणा करून दाखवतोय, आणि ऋतुजा पोट धरून हसतेय. ती गोष्ट त्रिशलाने कधी ऐकली नव्हती. दुसऱ्या दिवशी बापलेक डोळ्यांना काचा लावून पाण्यात उतरतात आणि पाठीवर ऊन घेत तासभर तरंगतात. तिसऱ्या दिवशी जेवताना ऋतुजा म्हणते, "आईंनी हे बघायला हवं होतं." सगळे म्हणतात, "हो ना." ते हो अगदी मनापासूनचं असतं. खालच्या रेषेत चौघांची नाडी संथ चाललेली असते.

ती नसताना ती सगळ्यांना आवडत होती.

गुण : अठ्ठ्याऐंशी.

त्रिशलाने पडदा बंद केला. बाहेरच्या दोरीवर अभयची निळी पोहण्याची चड्डी वाळत होती. जानेवारीपासून तो नगरपालिकेच्या तलावावर पोहायला शिकत होता, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, शाळकरी पोरांच्या बॅचमध्ये. कशासाठी ते त्याने सांगितलं नव्हतं आणि तिने विचारलं नव्हतं.

तिने वर जाऊन शोभाताईंना सांगितलं की जागा झाली, तुम्ही चला. शोभाताई म्हणाल्या, "बरं. विमानाची भीती गेली माझी."

सराव

प्रत्येक पाहुण्याला स्वतःच्या सावलीला सूचना देण्याची मुभा होती. दुसऱ्याच्या सावलीला हात लावता येत नसे, पण स्वतःच्या सावलीला सांगता येई की हे कर, हे करू नकोस, आणि मग सहा दिवस परत घडवून बघता येत. त्रिशलाने विद्यार्थ्यासारखी वही केली.

सूचना : सुनेच्या ताटात बघू नकोस. बहात्तर.

सूचना : शिवाय चिवड्याचा डबा बरोबर नेऊ नकोस. बहात्तर पूर्णांक सात.

सूचना : शिवाय श्रेणिकला ऋतुजासमोर "बाळा" म्हणू नकोस. चौऱ्याहत्तर.

सूचना : शिवाय उद्याचा कार्यक्रम आज विचारू नकोस. कुणी उशिरा उठलं तर घड्याळाकडे बघू नकोस. न्यूझीलंडचं नाव काढू नकोस. सहा वर्षं हा शब्द वापरू नकोस. शहात्तर.

तीन आठवडे ती रोज दुपारी बसायची. सावली दिवसेंदिवस गप्प होत गेली. पडद्यावर एक बाई वाळूत मांडीवर हात ठेवून बसलेली दिसे, सगळ्यांकडे प्रेमाने बघणारी, काही न मागणारी. त्रिशलाला ती कधी कुणी परकी वाटे, कधी आपणच. एकदा तिने सूचना दिली, दिवसातून दोनदाच बोल. अठ्ठ्याहत्तर. मग, एकदाच बोल. अठ्ठ्याहत्तर पूर्णांक दोन. मग तिने ते सोडून सावलीला सहा दिवस तोंड उघडू नकोस असं सांगितलं.

एकोणऐंशी.

"आता काय उरलं?" तिने तन्वीला विचारलं. "मी बोलतच नाहीये. दगडासारखी बसलेय. आणखी काय करू?"

तन्वीने या वेळी हसायचं टाळलं. "मॅडम, ते तुमच्या वागण्यामुळे होत नाही. तुम्ही खोलीत आलात की होतं. दारात तुमची चाहूल लागली की बाकीच्यांची नाडी चढते. त्यांना ते कळतही नाही. वर्षानुवर्षांची सवय आहे शरीराची. तीन महिन्यांत नाही जात."

"मी त्यांचं कधी वाईट केलं नाही."

"तसं यंत्र म्हणत नाही, मॅडम."

त्रिशला थोडा वेळ वहीत रेघा ओढत बसली. मग मुख्याध्यापिकेच्या आवाजात म्हणाली, "बाकीचे एकेक करून काढून दाखवा. सगळे."

ऋतुजाशिवाय पंचाहत्तर. श्रेणिकशिवायचा प्रश्नच नव्हता. अभयशिवाय, आणि त्रिशलाच्या सगळ्या सूचना धरून, ऐंशी पूर्णांक चार.

याचं कारणही यंत्राने दिलं होतं. अभय गप्प असला की त्रिशलाची स्वतःची नाडी चढायची. त्याच्या गप्पपणाला उत्तर म्हणून ती इतरांना बोलायची. तो नसला की ती निवळायची, आणि ती निवळली की बाकीचेही.

चड्डी

अभय तलावावरून आला तेव्हा दुपारचे साडेचार वाजले होते. केस ओले, कानात पाणी गेल्यामुळे मान एका बाजूला झुकलेली.

"अहो, बसा जरा."

तो बसला.

"एकजण कमी करावा लागतोय. तुमच्याशिवाय ऐंशी होतात."

"बरं," अभय म्हणाला. उठून त्याने चड्डी पिळली, दोरीवर घातली, चिमटा लावला आणि परत येऊन बसला. एवढ्यावर संपलं असतं. पण त्रिशलाला एवढ्यावर संपवायचं नव्हतं. तिला त्याच्याकडून काहीतरी ऐकायचं होतं, राग तरी.

"सगळं करून बघितलं मी. दुसरा मार्गच नाही."

"सगळं बघितलंस?"

"हो."

"अठ्ठ्याऐंशीची पण?"

त्रिशलाने त्याच्याकडे बघितलं. तो कानातलं पाणी काढायला डोकं हलवत होता.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"पहिल्याच दिवशी, आम्ही विचारल्यावर, आमच्या चौघांच्या फोनवर आली की. गटातल्या कुणालाही विचारता येत होतं. मी बघितली, पोरांनी बघितली. शोभाने दोनदा बघितली."

म्हणजे त्या दिवशी जिना चढून ती शोभाताईंना सांगायला गेली, तेव्हा त्यांना माहीत होतं. आणि पुढचे तीन आठवडे ती दार लावून सावलीला गप्प बसायला शिकवत होती, तेव्हा अभय आणि शोभाताई दाराबाहेरून पावलं न वाजवता जात होते.

"मग मला कुणी बोललं का नाही?"

"तू विचारलं नाहीस."

"वाट बघत होतात सगळे? मीच म्हणेन की मी राहते, म्हणून?"

अभयने कानात करंगळी फिरवली. मग म्हणाला, "मी त्यात फार बोलतो, नाही?"

"हो."

"नागाची गोष्ट मी विसरलो होतो. ती बघून आठवली." तो स्वतःशीच जरा हसला. "माझ्याजवळ एवढं बोलण्यासारखं असेल असं वाटलं नव्हतं मला."

त्या क्षणी तिला खरोखरच वाटलं की आपण राहावं. तिने विचारलं, "मग मी राहू का?"

तीस वर्षं प्रश्नपत्रिका काढलेली बाई होती ती. कोणता प्रश्न कसा विचारला की कोणतं उत्तर येतं, हे तिला चांगलं ठाऊक होतं. "मी राहते" असं ती म्हणाली असती तर ते संपलं असतं. "राहू का?" असं विचारल्यावर या घरातला कुणीही माणूस हो म्हणणार नव्हता.

"तुझं तू बघ," अभय म्हणाला.

त्याच संध्याकाळी तिने चार नावांचा अर्ज पाठवला.

खरी सहल, चौथा दिवस

जूनमध्ये ते गेले. समुद्र फेरीतल्यापेक्षा थोडा कमी निळा होता, आणि शोभाताईंनी निळीचा विनोद केला नाही. जेवणं दिवस मावळायच्या आत होत. काचेखालून मासे जात. त्रिशलाने वहीतल्या सूचना पाळल्या, कुणी विचारलं तरच बोलायची. कुणाच्या ताटात बघितलं नाही, घड्याळाकडे बघितलं नाही, न्यूझीलंडचं नाव काढलं नाही. घरी फोन लावला तर अभय म्हणाला, "मजेत आहे. पावसाने तलाव बंद केलाय." तिने पुढे काही विचारलं नाही आणि त्यानेही.

चौथ्या दिवशी सकाळी ती लाकडी धक्क्याच्या टोकाला पाण्यात पाय सोडून बसली होती. पावलं वाजली. श्रेणिक येऊन शेजारी बसला. एकटाच. आपणहून.

"झोप झाली?" तो म्हणाला.

"झाली."

"आई, एक विचारू? मी तुझ्या शाळेत होतो तेव्हा मला 'बाई' म्हणायला लावायचीस. तुला कसं वाटायचं?"

वहीत याचं उत्तर नव्हतं. वहीत गप्प राहायचं होतं. पण गेल्या कित्येक वर्षांत त्याने तिला कधी काही विचारलं नव्हतं, आणि तिच्या तोंडून खरं निघून गेलं.

"वाईट वाटायचं. संध्याकाळी घरी येऊन तू आई म्हणून हाक मारेपर्यंत मी चहासुद्धा घेत नसे."

"खरंच?"

"तुझ्या वर्गावर गेले की तुझ्याकडे बघायचं टाळायचे. बघितलं असतं तर बाकीच्यांना कळलं असतं."

श्रेणिकने तिच्या दंडावर हात ठेवला. हात उबदार होता. त्रिशलाला वाटलं, हे झालं. याच्यासाठी आलो होतो. यापुढे सहा वर्षं गेली तरी चालतील.

त्याच्या मनगटावरचा पट्टा हलकेच तीनदा थरथरला. श्रेणिकने खाली बघितलं, हात दंडावरून काढला, आणि म्हणाला, "आणि आई, तू माझ्या वयाची असताना तुला काय व्हायचं होतं?"

त्याच सुरात. शब्द जरासे जास्त जुळवलेले.

कोणतं उत्तर पोराला येतंय आणि कोणतं त्याने पाठ केलंय, हे ओळखण्यात त्रिशलाची उभी हयात गेली होती.

"किती वेळ सांगितलाय?" तिने विचारलं.

"काय?"

"श्रेणिक."

त्याने पट्ट्यावर तळवा ठेवला. मग लहानपणी कॉपी सापडल्यावर बोलायचा त्या आवाजात म्हणाला, "पंधरा मिनिटं. आपले गुण अगदी काठावर आहेत ना. काठावरच्या गटांना ते रोज सकाळी सूचना पाठवतात. पाळल्या नाहीत तर गटाला परत पाठवतात."

"रोज बसायचंय?"

"आज आणि परवा."

"ऋतुजाला काय आहे?"

"जेवताना तुझ्या शेजारी बसायचं. आणि दिवसातून एकदा रेसिपी विचारायची."

काल ऋतुजाने डाळवांग्याची विचारली होती. त्रिशलाने अगदी मनापासून सांगितली होती, फोडणीपासून.

"आणि आत्या?"

"आत्या नाही घेत सूचना. म्हणाली, मला जे बोलायचंय ते मी मोजून बोलत नाही."

धक्क्याखालून चपट्या माशांचा एक थवा गेला आणि परत आला. श्रेणिक उठण्याच्या बेतात असल्यासारखा गुडघ्यांवर हात टेकून बसला होता. तिने एक शब्द बोलायचा अवकाश, तो सुटला असता. तिने उठ म्हटलं असतं तर तो उठला असता, आणि बहुतेक त्याला तिच्याबद्दल थोडी मायाही वाटली असती.

"किती राहिलीत?" त्रिशलाने विचारलं.

त्याने मनगटाकडे बघितलं.

"अकरा."

"मग बस," ती म्हणाली.

तो बसला. त्रिशलाने हात मांडीवर ठेवले, पाण्यातले पाय स्थिर केले, आणि त्याच्या पुढच्या प्रश्नाची वाट बघू लागली.